सत्त्याण्णवखालची रेघ

विल्फच्या पुस्तकात एक नंबर कोरा राहिला तो माझ्यामुळे, असं मी अठ्ठावन्न वर्षं धरून चालले होते. विल्फ हा माझा नवरा. पुस्तक म्हणजे खिशात मावेल एवढं, पुठ्ठा निघालेलं, आणि त्यात गोष्ट वगैरे काही नाही. देशातल्या वाफेच्या इंजिनांचे नंबर, पानामागून पान. इंजिन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की त्याच्या नंबराखाली फूटपट्टीनं रेघ मारायची, एवढाच खेळ. पण आमच्या यॉर्कशरचे पुरुष लग्नाच्या शपथेपेक्षा हा नियम कडक पाळतात. डेनिस क्रॅबट्रीनं एकदा गाडीत डुलकी लागलेली असताना खिडकीबाहेरून काहीतरी काळं गेलं, तेवढ्यावर रेघ मारली होती. पुढे तो गावाचा महापौर झाला, पण रुळांवरच्या पुलावर उभं राहून नंबर टिपणारी मंडळी शेवटपर्यंत त्याच्याशी बोलली नाहीत.

आमच्या भागात चढाच्या रुळांसाठी बांधलेली ‘डोंगरी’ इंजिनं होती तीस. विल्फनं त्यातली एकोणतीस पाहिली. राहिलं ते ६४९९७, म्हणजे सत्त्याण्णव. शेवटचे दोनच आकडे बोलायची पद्धत आहे. ते हार्कडेल स्टेशनातून एकदाच गेलं, १२ सप्टेंबर १९६१, मंगळवार, दुपारी चार वाजून सात मिनिटांनी. माझ्या दोन्ही मुलींच्या जन्मवेळा मला एवढ्या पक्क्या पाठ नाहीत. ही पाठ आहे कारण विल्फचा मित्र सेड्रिक ती दर नाताळला जेवणाच्या टेबलावर सांगतो. सेड्रिक त्या वेळी पुलावर होता. विल्फ स्टेशनातल्या चहाच्या खोलीत माझ्याबरोबर स्कोन, म्हणजे जॅम लावून खायचा एक जाडसर गोड बिस्किटाचा प्रकार, खात होता. पुढच्या वसंतात सत्त्याण्णव भंगारात गेलं आणि तो विषय संपला. म्हणजे विल्फपुरता संपला, सेड्रिकपुरता सुरू झाला.

“एका स्कोनसाठी सत्त्याण्णव घालवलं यानं,” सेड्रिक म्हणतो, आणि बटाटे घेतो.

विल्फ त्याला आणखी बटाटे वाढतो. मग मी बोलते, कारण त्या दिवशीची माझीही एक गोष्ट आहे आणि तीही दर नाताळला होते. त्या गुरुवारी आमचं अख्खं घर ऑस्ट्रेलियाला निघालं होतं. आई, बाबा, बहीण, शिवणयंत्र, सगळं. माझंही तिकीट होतं. मी एकोणीस वर्षांची होते आणि तीन रात्री झोपले नव्हते. मंगळवारी चहाच्या खोलीत मी विल्फला म्हटलं, “मी नाही जात. आईला सांगून टाकलंय. एडना मावशीकडे राहीन आणि बेकरीतली नोकरी चालू ठेवीन.” तेव्हा विल्फचा चेहरा जो उजळला, तसा चेहरा मी कुणाचा कधी पाहिला नाही. नुसतं तोंड उघडं, डोळे मोठे, आणि हातातल्या स्कोनवरचा जॅम गुडघ्यावर.

त्या चेहऱ्यावर मी संसार केला. पहिलं मूल हाती लागलं नाही तेव्हा तो चेहरा आठवला. गिरणी बंद पडून विल्फ सात महिने घरात बसला आणि शेजारच्या बागेतून जाणाऱ्या मांजरांची वेळ लिहायला लागला, तेव्हाही आठवला. मधुचंद्राला आम्ही जिथे गेलो तिथे समुद्र होता, हे मला नंतर नकाशात दिसलं. आम्ही चारही दिवस इंजिनांच्या शेडमध्ये होतो. त्याही वेळी तो चेहरा उपयोगी पडला.

आणि म्हणूनच तो कोरा नंबर मला टोचायचा. मला चेहरा मिळाला आणि त्याचं इंजिन गेलं. हा सौदा त्याला कुणी विचारून केला नव्हता.

मग गेल्या वर्षी मला एक गोष्ट कळली. हार्कडेलची लाइन सरकारनं बंद केली होती. ती आता हौशी लोक चालवतात, स्टेशन, सिग्नल, चहाची खोली, सगळं जसंच्या तसं. तिथे डोंगरींपैकी वाचलेलं एक इंजिन आहे, एक्याऐंशी. आणि दर सप्टेंबरात वाफेच्या इंजिनांचा मेळा भरतो, तेव्हा गंमत म्हणून एखाद्या इंजिनाला त्याच्या भंगारात गेलेल्या भावंडाचा नंबर तीन दिवसांपुरता लावतात. मी त्यांच्या समितीला पत्र लिहिलं. एक्याऐंशीला सत्त्याण्णवचा नंबर लावा, म्हटलं. नवऱ्याचं नाव घातलं नाही. चार पत्रं लागली. चौथ्या पत्राला उत्तर आलं की, समितीत मतदान झालं आणि पाच विरुद्ध चार असा ठराव पास झाला.

विल्फला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण लाइनच्या मासिकात ते छापून आलं. त्या सकाळी विल्फ ते एकच पान चाळीस मिनिटं वाचत बसला. चहा थंड झाला. मला वाटलं, आनंदानं बोलणं सुचत नसेल. आमच्याकडे आनंद असाच होतो.

मेळ्याच्या शनिवारी आम्ही सातला निघालो. मी अंड्याचे सँडविच केले, फ्रूटकेक घेतला, त्याबरोबर खायला चीजचा तुकडा घेतला, थर्मास दोन. पेन्सिलला टोक मी स्वतः काढलं. विल्फनं आपली पिशवी स्वतः भरली आणि मला हात लावू दिला नाही. वाटेत सेड्रिकला घेतलं. तो मागच्या सीटवर बसताबसताच सुरू झाला.

“काय रे विल्फ, आज नकली सत्त्याण्णव बघायला निघालास म्हणे?”

“बघू,” विल्फ म्हणाला.

“रंगाचा डबा घेऊन माझ्या कपाळावर नंबर काढला तर मी इंजिन होईन का?”

“तू आधीच वाफ सोडतोस,” मी म्हटलं. “नंबरच काय तो बाकी आहे.”

सेड्रिकची बायको नऊ वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून तो मला टोमणा मारतो आणि उलटा टोमणा यायची वाट बघतो. मी त्याला उपाशी ठेवत नाही.

हार्कडेलच्या वळणावर, पुलापलीकडच्या कुरणात कुंपणाला लागून, सकाळी नऊलाच दोनशे माणसं उभी होती. सगळ्यांची जाकिटं पावसाळी, पाऊस नसताना. प्रत्येकाजवळ घडीची खुर्ची होती आणि तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. आमच्या शेजारी एक गृहस्थ जाड फाइल घेऊन उभे होते. त्यांनी नाव सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. अशा ठिकाणी नावं लागत नाहीत. त्यांना मी फाइलवाले म्हणते.

पहिल्या तासात तीन गाड्या गेल्या. इंजिन दिसायच्या आधी आवाज येतो, मग झाडांवर धूर, मग सगळे एकदम गप्प होतात. इंजिन गेलं की सगळे एकमेकांकडे न बघता मान हलवतात. कुणीतरी म्हणतं, “चार मिनिटं उशीर.” मग थर्मास उघडतात. मी यांच्याबरोबर अठ्ठावन्न वर्षं उभी राहिले आहे आणि मला ते आवडतं. कोळशाचा वास केसांत बसतो तो दोन दिवस जात नाही. फक्त हे मी विल्फला कधी सांगितलेलं नाही, नाहीतर सुट्टीत समुद्र कायमचा गेला असता.

साडेदहाला सेड्रिकनं विषय काढला. “अकरा वाजता ते सोंग येईल. विल्फ, तू रेघ मारणार आहेस की नाही, ते स्पष्ट सांग.”

“मारेल,” मी म्हटलं.

“मी त्याला विचारतोय, बेरिल.”

“नंबर पुढे असेल ना? तो डोळ्यांनी पाहील ना? मग?”

“अगं, नंबर पाहायचा नसतो, इंजिन पाहायचं असतं! हे एक्याऐंशी आहे. यानं एक्याऐंशीखाली एकोणसाठ सालीच रेघ मारलीय, मी शेजारी होतो.”

फाइलवाले खाकरले. “तसं अगदी म्हणता येणार नाही,” ते म्हणाले, आणि फाइल उघडली. “एक्याऐंशीवर आज जो बॉयलर आहे तो मूळचा सत्त्याण्णवचा. बासष्ट साली सत्त्याण्णव तोडलं तेव्हा बॉयलर चांगला होता म्हणून काढून ठेवला. माझ्याकडे कागद आहे.”

आसपासच्या वीसेक माणसांनी हातातले कप खाली ठेवले.

“बॉयलर म्हणजे इंजिन नव्हे,” सेड्रिक म्हणाला. “सांगाडा म्हणजे इंजिन.”

“वाफ कशात होते, साहेब? सांगाड्यात?”

“उद्या तुम्हाला दुसऱ्याचं पोट लावलं तर तुम्ही दुसरे व्हाल?”

“मी काय जेवतो यावर ते ठरेल,” फाइलवाले अगदी गंभीरपणे म्हणाले.

दहा मिनिटांत कुरणाचे दोन तट पडले. सांगाडावाले पुलाच्या बाजूला सरकले, बॉयलरवाले फाटकाच्या. कुणी आवाज चढवला नाही. एकमेकांना सँडविच देणं मात्र बंद झालं. मी अर्थातच बॉयलरवाली. मी जाऊन फाइलवाल्यांच्या शेजारी उभी राहिले आणि त्यांना केक दिला, चीजसकट. विल्फ एकटाच मध्ये राहिला, हातात पुस्तक, फूटपट्टी आणि मी टोक काढलेली पेन्सिल.

अकराला दोन मिनिटं असताना झाडांवर धूर दिसला. मग ते वळणावर आलं. काळं, नुकतं पुसलेलं, चार डबे घेऊन चढावर धापा टाकत, आणि नाकावर पांढऱ्या आकड्यांत ६४९९७. चार पत्रं लिहिली होती मी. पाच विरुद्ध चार. ते आमच्या समोरून गेलं तेव्हा ड्रायव्हरनं शिट्टी दिली, जमीन पायाखाली थरथरली, आणि मी विल्फच्या चेहऱ्याकडे बघितलं. तोच चेहरा पुन्हा एकदा दिसेल म्हणूनच तर मी आले होते.

चेहरा दिसला नाही. विल्फ एखाद्या नातेवाइकाच्या अंत्ययात्रेला उभा असल्यासारखा उभा होता. गाडी गेली. त्यानं पुस्तक मिटून खिशात ठेवलं.

“शाब्बास!” सेड्रिक म्हणाला. “माणूस आहेस.”

माझं डोकं फिरलं. मी सगळ्या कुरणादेखत म्हटलं, “विल्फ, चार पत्रं लिहिली मी! माझ्यामुळे तुझं इंजिन गेलं म्हणून वर्षभर त्या समितीच्या पाया पडले. अर्धं इंजिन तर तेच आहे, कागद आहे यांच्याकडे. एक रेघ मारायला तुझं काय जातं?”

“पत्रं तू लिहिलीस?” विल्फ म्हणाला.

“मग काय समितीला स्वप्न पडलं?”

विल्फनं आमच्या तिन्ही खुर्च्या उघडल्या. “बसा,” तो म्हणाला. आम्ही बसलो. असं तो आयुष्यात दोनदा म्हणाला आहे. पहिल्यांदा गिरणी बंद झाली तेव्हा.

“तुझ्यामुळे गेलं नाही,” विल्फ म्हणाला. “मी पाहिलंय ते. सत्त्याण्णव. खरं.”

“कधी?” सेड्रिकनं विचारलं.

“त्याच दिवशी. चहाच्या खोलीतून. बेरिलच्या मागे खिडकी होती.”

मला आधी काहीच कळलं नाही. फक्त एवढं आठवलं की, त्या दिवशी विल्फनं मला शेगडीजवळची खुर्ची दिली होती, भिंतीकडे तोंड असलेली. थंडी वाजू नये म्हणून, असं मी समजले होते. नंतरही प्रत्येक हॉटेलात, प्रत्येक स्टेशनात, आमच्या स्वयंपाकघरातसुद्धा मी भिंतीकडे तोंड करून बसले. हे त्याचं दाक्षिण्य आहे असं मुलींना सांगत आले.

“पुरावा?” सेड्रिकचा आवाज चिरकला.

विल्फनं पिशवीत सँडविचच्या डब्याखाली हात घातला आणि एक निळी वही काढली. १९६१. या लोकांकडे पुस्तक असतं रेघांसाठी आणि वही असते रोजची. दिसेल ते वहीत आधी लिहायचं, वेळ घालून. पुस्तकात खोटी रेघ मारणारा डेनिस निघाला, पण वहीत खोटं लिहिलेलं अजून कुणाच्या ऐकिवात नाही. सेड्रिकनं चष्मा पुसला आणि वाचलं. “बारा सप्टेंबर. चार-सात. चौसष्ट नऊशे सत्त्याण्णव. एकटंच, उलटं धावत. वाफ गळतेय.” त्यानं वही खाली केली. “वाफ गळत होती. डावीकडून. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.”

“मग रेघ का नाही मारलीस?” फाइलवाल्यांनी विचारलं. ते आपली खुर्ची घेऊन आमच्यात येऊन बसले होते.

“रेघ मारली असती तर सेड्रिकनं विचारलं असतं, कुठे पाहिलंस. मग सगळं बाहेर आलं असतं.” विल्फ माझ्याकडे बघत नव्हता. “मी म्हटलं, एक वर्ष जाऊ दे. तर पहिल्याच नाताळला बेरिलनं त्या चेहऱ्याची गोष्ट सांगितली. तिच्या मावशीनं डोळे पुसले. दुसऱ्या वर्षी पुन्हा सांगितली. मग लग्नात सांगितली. मग कसं सांगणार?”

“अठ्ठावन्न वर्षं!” सेड्रिक म्हणाला. “अठ्ठावन्न वर्षं मी तुला चिडवलं आणि तू गप्प बसून बटाटे देत राहिलास? माझा काही विचार?” तो उठला, कुंपणापर्यंत गेला, परत आला, बसला. “तुला चिडवायला माझ्याजवळ दुसरं काही नाहीये रे.”

मी विचारलं, “तो चेहरा इंजिनासाठी होता?”

“हो,” विल्फ म्हणाला.

“आणि मी काय सांगितलं ते?”

“मला वाटलं, जहाजावरच्या जेवणाबद्दल काहीतरी सांगतेयस. मी मान हलवली.”

मी पुष्कळदा चिडते, पण तेव्हा चिडले नाही. मला नुसतं वाईट वाटलं, इतकं वाईट की ते कुठे ठेवावं ते समजेना. मुलगी घरदार सोडते, आईला बंदरावर जाऊन निरोप देत नाही, आणि ज्याच्यासाठी हे करते तो तिच्या खांद्यावरून वाफ कुठून गळतेय ते बघतो. आईला मी पुन्हा पाहिलं नाही. तिच्या पत्रांना उत्तर लिहिताना मी मनात तो चेहरा धरून लिहायची. आता इतक्या वर्षांची पत्रं एका गळक्या इंजिनाच्या भरवशावर लिहिली होती असं निघालं.

“बेरिल,” विल्फ म्हणाला.

“वही दे इकडे,” मी म्हटलं.

मी वही घेऊन कुंपणाच्या टोकापर्यंत गेले. का मागितली ते मला माहीत नव्हतं. बहुतेक त्याच्या हातातून काहीतरी काढून घ्यायचं होतं. मंगळवारची ओळ मी वाचली. मग पान उलटलं. बुधवारी अकरा इंजिनं. त्या बुधवारी तो मला भेटायला आला नाही, ते मला आठवलं. काम असेल, असं म्हणाले होते मी. पुढे गुरुवार. आमचं घर निघालं तो दिवस. गुरुवारी विल्फ चाळीस मैल सायकल हाणत लीड्सच्या शेडला गेला होता. वहीत नव्वदच्या वर नंबर, दाटीवाटीनं, आणि त्यातले कितीतरी दोनदा लिहिलेले. एक तर तीनदा. अक्षर वाकडं. विल्फ बाजाराच्या यादीतही काही दोनदा लिहीत नाही.

म्हणजे त्याला मी गेले असंच वाटत होतं. मला जाताना बघायला नको म्हणून तो तिकडे पळाला होता.

शुक्रवारच्या पानावर एकच ओळ होती.

“८.५२. बेकरीसमोर. बी. अ‍ॅक्रॉइड. बाजाराच्या दिशेनं आली. एकटी. थांबली.”

बी. अ‍ॅक्रॉइड म्हणजे मी, लग्नाआधीची. त्या ओळीखाली रेघ होती. वहीत कुणी रेघ मारत नाही; रेघ फक्त पुस्तकात. पण ती होती, फूटपट्टीनं मारलेली, सरळ, पेन्सिल इतकी दाबलेली की मागच्या पानावर उठली होती. त्याखाली बाकीचं पान रिकामं. शनिवार रिकामा, रविवार रिकामा.

मी परत आले आणि शुक्रवारचं पान त्यांच्यापुढे धरलं. “सेड्रिक,” मी विचारलं, “त्या शुक्रवारी पुलावर काय गेलं होतं, आठवतं?”

“शुक्रवारी?” सेड्रिकला विचार करावा लागला नाही. “शुक्रवारी विशेष गाडी होती, दोन इंजिनांची. मी याच्यासाठी जागा धरून ठेवली होती संध्याकाळपर्यंत. हा आलाच नाही. ताप होता म्हणाला.”

“ताप नव्हता,” विल्फ म्हणाला.

“ते आता कळतंय मला,” सेड्रिक म्हणाला. आणि थोड्या वेळानं, जरा बऱ्या आवाजात, “दोन इंजिनांची विशेष गाडी घालवलीस तू. पावासाठी.”

“घालवली.”

“हे चालेल,” सेड्रिक म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. “हे नाताळला चालेल.”

शुक्रवारी विल्फ बेकरीत आला होता ते मला आठवलं. काउंटरपाशी बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “आज पाव चांगले दिसतायत.” दोन घेतले. एवढंच. त्याच्या चेहऱ्याकडे मी बघितलंही नव्हतं, मागे रांग होती. काउंटरवर त्यानं खिशातून फूटपट्टी काढून ठेवली तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, “हे काय, पाव मोजून घेणार?”

मी वही विल्फला दिली नाही, माझ्या पर्समध्ये ठेवली. “पुस्तक काढ,” मी म्हटलं. “पाहिलंयस ना खरं? मग मार रेघ. आत्ता.”

विल्फनं पुस्तक उघडलं. फाइलवाल्यांनी त्याच्याखाली धरायला आपली फाइल दिली. सेड्रिकनं फूटपट्टीचं एक टोक धरलं, कारण विल्फचा हात हल्ली कापतो. रेघ मारून झाली तेव्हा बॉयलरवाले आणि सांगाडावाले दोघंही मान हलवत होते. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं असावं.

दुपारी आम्ही दोघं स्टेशनातल्या चहाच्या खोलीत गेलो. तीच खोली, तीच शेगडी, आता तिच्यात नुसती फुलदाणी असते. सेड्रिकला फाइलवाल्यांबरोबर पुलावर पाठवलं. विल्फ सवयीनं खिडकीसमोरच्या खुर्चीवर बसला.

“ऊठ,” मी म्हटलं. “ती माझी.”

तो भिंतीकडे तोंड करून बसला. त्या खुर्चीवर त्याला पहिल्यांदाच बघत होते मी. कुणाच्या तरी घरी पाहुणा आल्यासारखा दिसत होता. स्कोन आले, जॅम आला. मी बोलायला सुरुवात केली. ठरवून सगळ्यात कंटाळवाणं निवडलं, बहिणीचं अ‍ॅडलेडहून आलेलं पत्र. तिच्या शेजाऱ्यांनी कुंपण कसं घातलं, ते अर्धा हात आत कसं आलं, नगरपालिकेचा माणूस येऊन काय म्हणाला, तिच्या कुत्र्यानं त्याला काय केलं.

मी गोष्टीत कुंपणापर्यंत आले तेव्हा खिडकीबाहेर आवाज सुरू झाला. जवळ आला. कपबशा वाजायला लागल्या. शेजारच्या टेबलावरची दोन माणसं उठून खिडकीशी धावली, त्यातला एक म्हणाला, “अरे बापरे!” विल्फचे कान लाल झाले. चमचा चहात फिरत होता, साखर केव्हाच विरघळली होती. मान मात्र वळली नाही. तो माझ्याकडे बघत होता.

मी गोष्ट चालू ठेवली. आवाज दूर गेला. कपबशा थांबल्या.

“आता सांग,” मी म्हटलं, “काय म्हणत होते मी?”

“कुंपण अर्धा हात आत आलं,” विल्फ म्हणाला. “नगरपालिकेच्या माणसाचं नाव मर्टन. तो मंगळवारी येणार होता, आला बुधवारी. कुत्र्यानं त्याची टोपी नेली. तुझ्या बहिणीचं म्हणणं, टोपी परत देणार नाही.”

मग त्यानं हळूच, टेबलाकडे बघत विचारलं, “कुठलं होतं गं?”

मी खरं ते सांगितलं. मी खिडकीसमोर बसले होते आणि मला दिसलं नव्हतं.